अष्टग्रही आणि आमची दुर्बीण

१४ जानेवारी १९६२, संक्रांत. अमरावती.
मुंबईहून दुर्बीण आली. नळीला दोन तबकड्या आहेत. त्यांवर आकडे जुळवले की हवा तो ग्रह आपोआप समोर येतो म्हणे. सोबत इंग्रजीत जाडजूड माहितीपत्रक. वाचले नाही. वकिलाने वाचायचे ते कायदे, दुर्बिणीतून नुसते पाहावे.
पुढच्या महिन्यात मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार, अशी अख्ख्या वऱ्हाडात बोंब आहे. त्या भीतीने अकोल्याच्या वामनरावांनी त्यांच्या मुलाचे आमच्या सिंधूशी लग्न ठरवायचे थांबवले आहे. "जगलो-वाचलो तं पाहू," म्हणतात. असे स्थळ पुन्हा मिळायचे नाही. वामनरावांना आठही ग्रह दाखवायचे, भीती घालवायची, जागेवर सुपारी फोडायची. योजना पक्की.
दुर्बीण मुहूर्त पाहून उघडली. केवळ सौ.च्या समाधानासाठी.

१७ जानेवारी, संध्याकाळ
पहिल्याच प्रयत्नात शनी! पिवळा गोळा, भोवती कडे. शेजारच्या नत्थुजींना गच्चीवर बोलावून दाखवला. त्यांनी चपला काढून हात जोडले.

१८ जानेवारी
तो कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावरचा दिवा निघाला. कडे म्हणजे वरची पत्र्याची टोपी. सौ.ने नुसत्या डोळ्यांनी ओळखला. असो. दुर्बीण दूरचे जवळ दाखवते, एवढे तर सिद्ध झाले.
नत्थुजींना सांगितलेले नाही. उगाच कोणाची श्रद्धा का मोडा?

२३ जानेवारी
एकही ग्रह सापडत नाही. तबकड्या फिरवून मनगट धरले. कारण उघड आहे. ग्रह अजून वाटेत असतील. जमले की घोळका सहज दिसेल. केतू कसा असतो ते कोणीच लिहून ठेवलेले नाही. तो मीच पहिला पाहणार.
सिंधू इंटर सायन्सला आहे. तिला सगळे समजावले. तिने खाली मान घालून ऐकले आणि म्हणाली, "बाबा, वामनकाकांले नक्की बोलवा." पोरीचा बापावर विश्वास आहे. बरे वाटले.

२९ जानेवारी
अष्टग्रही टळावी म्हणून आमच्या गल्लीत यज्ञ आहे. त्यासाठी वामनराव अमरावतीस येणार आहेत. रविवारी ४ तारखेला संध्याकाळी आमच्या गच्चीवर.
यज्ञाला डबाभर तूप पाठवले. शेजारधर्म. अंधश्रद्धेला माझा विरोध कायम आहे.

४ फेब्रुवारी
आकाश स्वच्छ. वामनरावांनी डोळा लावला. काही नाही. तबकड्या फिरवल्या. काही नाही. जिनिंग कारखान्याची बाजू सोडून सगळीकडे नळी फिरवली. वामनराव पांढरे पडले. म्हणाले, "खुशालराव, आठच्या आठ गायब! लोक सांगून राहिले त्याच्याहून बेकार आहे हे." मी म्हणालो, तबकडी थोडी सैल असावी. ते म्हणाले, "ज्या गच्चीवरून गुरूबी दिसत नाई, त्या घरची सोयरीक आमाले नको." चहा न घेता गेले.

५ फेब्रुवारी
जग आहे तिथेच आहे. कोर्टही. स्थळ गेले.
सकाळी सिंधू म्हणाली, "बाबा, त्या आठांत सूर्यबी आहे ना? बाकीचे त्याच्याच जवळ आहेत. तो मावळला का सारेच मावळतात. रात्री दिसतीन कसे?"
मग काल वामनरावांसमोर का बोलली नाहीस, असे विचारले. म्हणाली, "मले ते स्थळच नको होतं."
हे आधी का नाही सांगितलेस, म्हटले.
"तुमी विचारलं कवा?"
जन्मभर साक्षीदारांना प्रश्न विचारून घर चालवले. संध्याकाळपर्यंत आठवून पाहिले. नव्हते विचारले.