मोकळी जागाही दाबायची असते

आये, मी कॉम्प्युटर चालवला. हसू नको. दुसरीतनं शाळा सुटलेली तुझी तीच पोर, आता सत्तरीची, बदलापूरला सोनिवलीच्या बिल्डिंगीत लेकाकडं राहते. माझी नात घरातच लॅपटॉपवर काम करते, पण तिचं खरं काम चालतं हैदराबादच्या मशीनवर. तिथं तिनं चार दिवस चालणारं एक काम लावलेलं, आणि तिसऱ्या दिवशी पोटात कळ उठली. अपेंडिक्स. आईबाप तिला घेऊन अंबरनाथच्या दवाखान्यात, मी घरी एकटी. दुपारी तिचा फोन. "आजी, घरी लाइट गेलेली का?" म्हटलं, "गेली होती, आत्ता आली. पण तुझा पडदा काळा ठार आहे. मेलं गं सगळं!" "मरत नाही. लाइट आपल्याकडं गेली, नेट तेवढं तुटलं, मशीन तिकडं आहे. शेजारी कागद आहे ना, त्यावरच्या दोन ओळी बघून दाब, चालू काम समोर येईल. बंद पडलं असेल तर ऑफिसला आत्ताच कळवायला लागेल, मला ऑपरेशनला नेतायत. आणि बघून झालं की बंद करू नकोस हां, तिसरी ओळ दाबून नुसती बाजूला हो, काम तिकडं चालूच राहील."

बाजूला हो म्हणाली आणि पालेगावच्या चुलीपुढं तू दिसलीस. काडेपेटीच्या कारखान्यात कामाला, पण घरात काडी ओढलेली तुला खपत नसे. निजताना निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे फुंकायचे. मी एकदा शहाणपणा करून त्यावर तांब्या ओतला. "विझव कोण म्हणालं होतं गं सटवे? झाक म्हटलं होतं!" म्हणालीस आणि तशीच उपाशी कामावर गेलीस. ते अजून टोचतं.

मला इंग्रजी कुठलं वाचता येतंय? चित्र जुळवावं तशी एकेक अक्षर शोधून दाबते. पहिली ओळ चालली. दुसरीला पडदा काहीतरी खेकसला. परत दाबली, परत तेच. फोनमध्ये स्ट्रेचरची चाकं खडखडतायत. "आजी, दिसतंय का?" "दिसतंय गं, चालूय. जा तू."

फोन बंद झाला तसा मी कागद नाकाशी धरला. दोन शब्दांत मोकळी जागा होती, ती मी सोडूनच देत होते. रिकाम्याचं काय दाबायचं? शेजारच्या सिंधी वहिनीला हाक मारली. "अरे दादी, वो लंबावाला बटन!" दाबलं, आणि आये, काय सांगू, ओळीवर ओळी धावायला लागल्या. चालू होतं! तिसरी ओळ दाबून हळूच बाजूला झाले.

पोर आता बरी आहे. "आजीमुळे निवांत आत गेले," असं सगळ्यांना सांगते, आणि मीही मिरवून घेते. पण मी चालूय म्हणाले तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुला सांगायला काय, हे पत्र कुठं जाणारच नाही.