दोन मिनिटं आणि एक बादली

२४ ऑक्टोबर २०१८. दिव्यांची पौर्णिमा.
नात यांगोनहून आली. मूवे. केळी, नारळ आणि नवी लुंगी पुढ्यात ठेवून तीनदा वाकली. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा, फोफो, म्हणाली. नातीने असं म्हणायचं, आजोबाने आशीर्वाद द्यायचा आणि केळी खायची, अशी रीत. मी आशीर्वाद दिला आणि एक मागणंही मागितलं. फेब्रुवारीत तिची पिंजऱ्यातली लढत आहे. जिंकली तर फुकेतच्या आखाड्याशी तीन वर्षांचा करार. कोपऱ्यात दोघांना उभं राहता येतं. एक तिचा फिलिपिनो कोच. दुसरा मी.
ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. वाकलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. हे मला ठाऊक होतं असं नव्हे.

२६ ऑक्टोबर.
आजपासून ग्रंथलेखन. नाव: ‘येत्या पन्नास वर्षांची लढत’. सात वर्षं जत्रेच्या रिंगणात लेटवे लढलो, उघड्या मुठी आणि डोक्याची धडक. पुढे एकतीस वर्षं शाळेत कविता शिकवल्या; गाव अजून सया, म्हणजे मास्तर, म्हणतं. दोन्ही केलेला माणूस फा-आनमध्ये दुसरा नाही. फा-आनबाहेर चौकशी केलेली नाही.
पहिलं भाकीत: जमिनीवरची झोंबाझोंबी पाच वर्षांत बंद पडेल. मागच्या रांगेतल्यांना काही दिसत नाही.
दुसरं: आपल्या लेटवेतली दोन मिनिटं सगळं जग उचलेल. गडी बेशुद्ध पडला की त्याच्या माणसांनी आत शिरायचं, पाणी ओतायचं, कान पिळायचा, दोन मिनिटांत उभा करून पुन्हा लढायला लावायचं. इतकी माणुसकीची गोष्ट परदेशात कुणाला सुचू नये, नवल आहे.
उद्यापासून पहाटे चारला उठणे.

२७ ऑक्टोबर. सव्वाआठ.
उठलो.

४ नोव्हेंबर.
सकाळपासून १९७१ ची जत्रा डोळ्यांसमोर. तिसरा राउंड. मी आडवा. मग थंड पाणी, गुरुजींचा हात कानावर, आणि डोळे उघडले तर समोर डोंगरावर उन्हाचा शेवटचा तुकडा. उभा राहिलो. जिंकलो. चहाच्या दुकानात हे सांगत होतो तर शेजारच्या टेबलावरून उ बा चो मध्येच तोंड घालून म्हणाला, उभा राहिलास खरा, सया, पण लगेच परत पडलास की! हातगाडीवरून घरी नेला तुला. ढकलत कोण होतं? मीच!
दुकान हसलं. बिचाऱ्याची स्मरणशक्ती गेली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण वय झालं.

२ डिसेंबर. यांगोन.
मूवेचा आखाडा पाहिला. मऊ गाद्या, आरसे, पंखे. इथे कोण काय शिकणार? कोच रॉडेल नम्र माणूस आहे, मला सया म्हणतो. त्याला म्हटलं, तुमचं जमिनीवरचं दाखवा, ग्रंथात टाकायचं की नाही ते ठरवतो. त्याने मला अलगद खाली घेतलं. स्वतः पाठीवर आडवा झाला आणि माझ्या मानेभोवती दोन्ही पाय गुंफले. मूवे बाजूने ओरडत होती, फोफो, थाप मारा, थाप! थाप म्हणजे हरलो, सोड!
एकतीस वर्षं वर्ग गप्प बसवलेला माणूस थाप मारेल? मारली नाही. जरा डोळा लागला. प्रवासाचा शीण. जाग आली तेव्हा मूवे माझे पाय वर धरून रडत होती.
कोच म्हणाला, सया, हेच तुमच्या नातीचं हत्यार. ती पाठीवर पडली की समजायचं, आता खरी धोकादायक झाली. मी मान डोलावली, म्हणजे डोलवायचा प्रयत्न केला.
ग्रंथात नोंद: पाठीवर पडलेला माणूस म्हणजे पाठीवर पडलेला माणूस.

१० जानेवारी २०१९.
आज मोठा शोध. तिसरीच्या मुलांना मी स्वतः रचलेली एक कविता म्हणायला लावायचो:
पाणी गढूळ, बगळा शांत,
मासा येईल, कसली भ्रांत!
चाळीस पोरं एका सुरात म्हणत तेव्हा पत्रा थरथरायचा. हाच भविष्यातला पवित्रा! एका पायावर उभं राहायचं, हात खाली, हलायचं नाही. समोरचा कंटाळून जवळ येतो, मग कपाळ.
फोनवर मूवेला समजावलं. ती म्हणाली, फोफो, बगळ्यासमोर मासा असतो. माझ्यासमोर ती व्हिएतनामची वी आहे, तिने तिघींची नाकं फोडलीत. वर म्हणाली, आणि कपाळ मारायला बंदी आहे. म्हटलं, आज आहे.

१९ जानेवारी.
सुपारीच्या झाडावर कपाळाचा सराव. झाड जुनं आहे. टेंगूळ आलं. झाडाला नव्हे.

२२ फेब्रुवारी. यांगोन.
दुपारी नियम समजावण्याची सभा होती. कोपऱ्यातल्या माणसांनी आलंच पाहिजे म्हणे. नियम नवशिक्यांसाठी असतात. मी तळ्यावर गेलो, खरे बगळे पाहिले. एक माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. शुभशकुन.
कोचने माझं काम सांगितलं: सया, तुम्ही बादली धरायची. फक्त बादली. त्याने ‘फक्त’ तीनदा म्हटलं. जबाबदारीची जाणीव करून द्यायची त्याची ही पद्धत असावी.

२४ फेब्रुवारी. सकाळ, फा-आनची बस.
काल रात्री लढतीत जे घडलं ते घडलं तसं लिहितो.
पहिल्या राउंडमध्ये मी ‘बगळा! बगळा!’ असा आवाज दिला. शाळेचा आवाज, अजून खणखणीत. मूवेने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि क्षणभर, फक्त मला बरं वाटावं म्हणून, हात खाली घेतले. वीने नाक फोडलं. राउंडनंतर कोच तिच्या नाकात कापूस कोंबत होता आणि मला म्हणत होता, सया, गप्प. बादली.
दुसऱ्या राउंडमध्ये मूवे खाली गेली. पाठीवर. डोळे मिटलेले, चेहरा रक्ताने माखलेला, आणि वी तिच्या छाताडावर. मला मूवे दिसेना. मला जत्रा दिसली, उन्हाचा तुकडा दिसला, गुरुजींचा हात दिसला. कुणीच आत जात नाही! दाराशी उभा असलेला माणूस बूट बांधायला वाकला होता. मी कडी काढली. ‘दोन मिनिटं!’ अशी आरोळी दिली, सगळी बादली ओतली आणि कान पिळला.
कान मूवेचा नव्हता.
पंचांनी हात हलवले. कोपऱ्यातला माणूस राउंड चालू असताना आत आला की त्याचा गडी बाद. सभेत हेच सांगितलं होतं म्हणे.
बसमध्ये मूवे खिडकीशी. मोलम्याइनचा फाटा आला. मग बाहेर पाहतच म्हणाली, तिची मान माझ्या पायांत होती, फोफो. मी डोळे ताकद लावायला मिटले होते. तिने हात उचलला होता. थाप मारायलाच.
मी म्हटलं, फेरविचाराचा अर्ज करू. मी मसुदा लिहितो.
तिने माझ्या खांद्यावरची कालपासून ओली लुंगी काढून मला स्वतःची शाल दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

९ मार्च.
व्हिडिओ एकोणीस लाख लोकांनी पाहिला. ग्रंथाची हस्तलिखित प्रत लढतींच्या महामंडळाला पाठवली होती, ती परत आली. पाकीट फोडलेलं नाही.
बाजारात कांदेवालीने विचारलं, सया, बादली हवी का? नवा माल आलाय, हलकी आहे, पळायला बरी.

१५ एप्रिल. पाण्याचा सण.
आजच्या दिवशी कुणीही कुणावरही पाणी ओतावं. म्हणून बाहेर पडलो. गल्लीतले आठ-दहा बाप्ये मला पाहून रस्त्यात पाठीवर आडवे झाले आणि एका सुरात ओरडले, सया, दोन मिनिटं! उ बा चोने तर कान पुढे केला. त्यांचा सूर चांगला जमला होता. त्यातले चौघे माझेच विद्यार्थी.
मूवे सणाला आली नाही. यांगोनला मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. सरावही चालू आहे, असं तिची आई शेजारणीला सांगत होती. मला नाही.
पहिलं भाकीत थोडं सुधारलं: पाच ऐवजी दहा वर्षं.

१३ ऑक्टोबर. दिव्यांची पौर्णिमा.
आली! केळी, नारळ, लुंगी. वाकली. काही चुकलं असेल तर माफ करा, फोफो. मी आशीर्वाद दिला, पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर ती उभीसुद्धा राहिली होती. बस पकडायची आहे म्हणाली. बस संध्याकाळची होती. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.
केळी चांगली होती.

९ नोव्हेंबर. दुपार, चहाचं दुकान.
पुन्हा वी. पुन्हा फुकेतचा करार. तिची आई, मामा, दोन्ही शेजारणी यांगोनला गेले. घरी कोंबड्यांकडे पाहायला कुणीतरी हवं होतं.
टीव्हीसमोर जागा मिळाली. आज ‘बगळा’ म्हणायचं नाही असं ठरवलं होतं; म्हटलं नाही. मूवे हात वर धरून लढली. दुसऱ्या राउंडमध्ये तिने वीला मिठी मारून खाली ओढलं आणि स्वतः पाठीवर गेली. डोळे मिटले. चेहरा लाल.
दुकानात कुणी टीव्हीकडे पाहीना. सगळे माझ्याकडे पाहत होते. मालकीण दॉ तिन म्या गल्ल्यावरून उठली, माझ्या टेबलावर आली आणि फुकट चहाचा थर्मास उचलून घेऊन गेली. माझे हात कुठे आहेत ते मी पाहिलं. टेबलावरच होते. मी ते मांड्यांखाली घेतले.
वीने थाप मारली.
दुकान उठून नाचलं. उ बा चोने मला मिठी मारली, नंतर त्याच्या लक्षात आलं बहुतेक, त्याने सोडलं. टीव्हीवर मूवे कोचच्या खांद्यावर होती, दोन्ही हात वर. कोपऱ्यातला दुसरा माणूस बादली घेऊन बाहेरच उभा होता, दार पूर्ण उघडेपर्यंत. तिचा मामा.
सगळं निवल्यावर दॉ तिन म्याने थर्मास परत आणून ठेवला. मी हलवून पाहिला. रिकामा होता.