आईचा रोजा

२१ मार्च ९१, गुरुवार
आई दुपारची जेवत नाही. विचारलं तर म्हणे भूक नाही. सकाळचा चहाही बंद. संध्याकाळची अजान झाली की मात्र शेजारच्या जुबेदाभाभीने दिलेले खजूर खाते. त्यांचा रमजान चालू आहे. म्हणजे आईचाही? लिहायलासुद्धा नको वाटतं.

२५ मार्च
शिफ्ट अर्धी टाकून मुद्दाम लवकर आलो. आई जु.च्या ओट्यावर. मला पाहून दोघी गप्प. काय शिकवत होती? ८४च्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर मी या गावात कुणाच्या गोड बोलण्याला भुलत नाही. त्यात मी विहाराच्या कमिटीत, यंदा शंभरावी जयंती. आमच्या कामतघर वस्तीत बभ्रा झाला तर...

२ एप्रिल
जु.ला सरळ विचारलं. बिचकली नाही, म्हणून जास्तच संशय. आईनेच विचारलं म्हणे, तुमचा धर्म निघाला कुठून. हिने सांगितलं. पैगंबर मक्केचे, लहानपणीच पोरके, चुलत्याने वाढवलं. व्यापार करायचे. डोंगरातल्या गुहेत एकटे बसत, तिथे फरिश्त्याने अल्लाचा शब्द आणला. अल्ला एक, त्याची मूर्ती नाही, त्याच्यापुढे सगळे सारखे. मक्केवाल्यांनी छळलं, मग मदिनेला गेले. मग पाच कर्तव्यं: कलमा, नमाज, रोजा, जकात म्हणजे दान, हज. शेवटी कयामत, ज्याचा त्याचा हिशोब. सगळं घडाघडा.

म्हटलं, आमच्यात देवच नाही, म्हातारपणी हिला तो कशाला चिकटवता? म्हणाली, "भाईसाब, दीन-धरम में जबरदस्ती नहीं है. रोजे को तो मैंने मना किया था."

गोड बोलते. फार गोड.

७ एप्रिल
सकाळी बुद्धांच्या फोटोला अगरबत्ती, वंदना, नेहमीसारखीच. मग दिवसभर पाण्याचा थेंब नाही. माझ्या डोळ्यांत धूळफेक? आई नळावर गेली तेव्हा तिची ट्रंक उघडून पाहिली. काही नाही. तेवढ्यात ती दारात. हंडा ठेवून आत गेली.

१४ एप्रिल
जयंती. विहारात खिरीची पहिली वाटी आईला दिली, सगळ्यांसमोर. तिने झाकून घरी आणली आणि खाल्ली दिवस बुडाल्यावर. कमिटीवाले माझ्या तोंडाकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी ओरडलो. तुला बाटवलंय त्या बाईने, म्हटलं. आई खाली बसली.

"पैगंबरांवर पयला इस्वास कोनी ठेवला, ठाव हाय? त्यांच्या बायकोनं. त्यांनी येऊन तिला समदं सांगितलं. तिनं ऐकलं, मग हो म्हनली. तुज्या बापानं दीक्षा घेतली तवा मला कोनी इचारलं न्हाय. पांढरी साडी दिली, चल म्हनले. गेले."

म्हटलं, मग दीक्षा चुकीची का?

"चुकीची कुटं म्हनते? इचारलं न्हाय, येवडंच म्हनते."

जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल
आज बहुतेक शेवटचा रोजा. पोरंटोरं चंद्र बघायला गच्चीवर. आई आमच्याच ओट्यावर, पुढ्यात खजूर, पाण्याचा तांब्या. मी शेजारी बसलो. लक्ष ठेवायला, दुसरं काय.

विचारलं, पुढचं काय ठरवलंस? म्हणाली, इचार चालू हाय.

अजान सुरू झाली. तिने तांब्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"का रं, पानी प्यायचं का न्हाय, तूच सांगतोस? आतापत्तर तुमी बापलेकच सांगत आलाव."

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. या वेळी तिचं तिनेच ठरवावं. अजान संपली तरी तांब्या भरलेलाच.