रोहिणीसाठी खाडीत ओतलेले दोन हंडे

खारेपाट, ता. पेण
१२ मे १९९८

मेहुणे हैबतराव यांस मिठागरातून नाथाचा रामराम.

तिकडे अष्टमी गावात सगळे धडधाकट असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? वाल झोडून झाले का? (मागच्या वर्षीचे वाल संपले. हे सहज कळवलं, मागणी नाही.) इकडे मीठ बरं पिकलं आहे. तुमची बहीण ठमा खुशाल आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत ठीक आहे. का बोलत नाही, हे दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहावं, म्हणून हे पत्र.

तुमची अट मी विसरलेलो नाही. दिवाळीत आमच्या जितेशसाठी तुमच्या रोहिणीला मागणी घातली, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "बहीन दिली ती चुकलो. सव्वीस वर्सं हंडा वाहतेय. गावात गोडं पानी दाखवा, मंग माझी पोर न्या." मला फार राग आला होता. पण परतताना वडखळला गाडी बदलेपर्यंत तो उतरला, कारण तुमचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्याकडे टँकर आठवड्यातून दोनदा येतो, तोही आला तर.

शिमग्यानंतर मुंबईच्या एका संस्थेतल्या नमिताबाई गावात आल्या. डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालून वाहत खाडीत आणि समुद्रात कुठे निघतं, ते त्या शोधतात. खडकात मुळातच थोडं रेडियम असतं म्हणे. त्यातून रेडॉन नावाचा वायू सुटतो आणि झिरपणाऱ्या पाण्यात उतरतो. (त्याने इथे कुणाला काही होत नाही, मी तीनदा विचारून घेतलं.) पाणी उघड्यावर आलं की तो उडून जातो, आणि उरलेलाही चार दिवसांत निम्मा होतो. तेव्हा ज्या पाण्यात रेडॉन भरपूर, ते नुकतंच जमिनीतून वर आलेलं. रेडियम पकडायला बाईंनी काळ्या धाग्यांचे झुपके आणले होते, आणि त्यांतून पिंपंच्या पिंपं खाडीचं पाणी सोडत होत्या. आमच्या बायका म्हणाल्या, ही बाई एवढ्या लांब केसांचं गंगावन धुवायला आली.

चिखलात कुठे पाय रुततो हे मला ठाऊक, म्हणून मला वाटाड्या नेमलं. जागाही मीच दाखवली. तिथे त्यांनी खाडीच्या तळात भोकांचा पाइप रोवला, आणि त्यात साचलेलं पाणी रोज तपासू लागल्या. आठ दिवस नुसतं खारं. आणखी दोन दिवसांनी बाई सामान आवरणार होत्या. हैबतराव, माझ्या डोळ्यांपुढे जितेशचा चेहरा होता. नवव्या दिवशी ओहोटीला, बाई यायच्या आधी, मी घरातले दोन हंडे नेऊन त्या पाइपात ओतले. (ते तुमच्या बहिणीने चार तास उन्हात उभं राहून टँकरवर भरले होते. ओतताना हे आठवलं नाही, असं लिहिणार होतो. आठवलं होतं.)

पाणी गोडं निघालं. मी तिथेच हात जोडले. मग बाईंनी त्यांचं यंत्र लावलं आणि संध्याकाळी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, काका, गोडं आहे, पण यात रेडॉन जवळजवळ नाही. हे जमिनीतून आलेलं नाही, कितीतरी दिवस उघड्यावर होतं. चोरी पकडायला माणूस लागला नाही, पाण्यानेच चुगली केली. मी सगळं कबूल केलं. मान वर केली तर मागे तुमची बहीण रिकामे हंडे घेऊन उभी. माझ्याकडे न बघता ती बाईंना म्हणाली, "आथं नको बगू गो बाय. त्या खरकाजवल बग. ओहटीला कालवं कारताना पाय गार परतान."

दुसऱ्या दिवशी, तिचे पाय गार पडतात त्या खडकाजवळ मोजलं. खाडीच्या दहापट रेडॉन, आणि पाणी निम्म्याहून जास्त गोडं. म्हणजे सव्वीस वर्षं ही बाई गोड्या पाण्यावर उभी राहून कालवं काढत होती आणि घरी येऊन टँकरची वाट बघत होती. मी मिठागराचा मुकादम, खाडी मला पाठ आहे म्हणून गावभर सांगणारा, तिला एकदाही विचारलं नाही. मला फार लाज वाटली. नमिताबाई म्हणाल्या, ते पाणी दोन तास उघडं पडतं, मग भरती आली की सगळं समुद्राला. ते प्यायला कसं धरायचं, हे त्यांनाही सांगता येत नाही. तरीपण तुमची अट पाणी दाखवायची होती, पाजायची नव्हती. पाणी दाखवलं आहे, बाईंच्या सहीचा कागदही येणार आहे. तेव्हा रोहिणीचं मनावर घ्यावं, ही विनंती.

तुमचा (आणि तिने मानलं तर तुमच्या बहिणीचा)
नाथा

ता. क. पत्र तुमच्या बहिणीला वाचून दाखवलं. तीन दिवसांनी आज बोलली. म्हणते, शेवटची विनंती खोडा. मी खोडत नाही, पण तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो : "दादा, पोरीला आथं देव नको." म्हणजे मुलगी इथे द्यायची नाही; जितेशला तुमच्याजवळच्या धाटावच्या कंपनीत चिकटवावं, अष्टमीतच एखादी खोली बघावी आणि मग दोघांचं लग्न लावावं. रोहिणीने घरातला नळ सोडून कुठे जायचं नाही.

पुन्हा ता. क. पोरगा तिकडे गेल्यावर आपलं कसं व्हायचं, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "आपल्या दोगांना पानी कितीसं लागल?"