बाकावर कोणी नाही

४ मार्च

तेवीस गल्ल्या झाल्या. सात उरल्या, आणि बागा. पाय बोलायला लागलेत! पण काम मिळालंय, तेही वॉर्ड ऑफिसचं — उपनगरातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक हिरवा तुकडा फोटोत आणायचा. स्टुडिओला कुलूप लागल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी 'फोटोग्राफर ताई' म्हणालं. हे नीट झालं तर पलीकडचे चार वॉर्डही तुमचेच, असं इंजिनियर साहेब म्हणाले.

अट एकच. फोटोत माणूस नको. मागे कुणीतरी तक्रार केली होती म्हणे, माझा चेहरा का छापला म्हणून. मला काय, बरंच! रिकामी जागा टिपायला मी पहिल्यापासून पटाईत. उभं राहायचं, वाट बघायची. माणसं जातातच. आज औषधांच्या दुकानासमोर चाळीस मिनिटं उभी होते. दुकानदाराला वाटलं, मी त्याच्यावर पाळत ठेवतेय.

६ मार्च

आज आमच्या घरामागची बाग. नऊ झाडं, चार बाक, एक गळका नळ. बाबांची रोजची जागा. हार्टच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना बजावलंय — रोज चालायचं, चालणं सुटलं की सगळंच सुटेल. दारापासून बाकापर्यंत दोनशे बारा पावलं. त्यांनी मोजलीत! वाटेत एकही रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरी बाग हायवेच्या पलीकडे. तो ओलांडताना माझीच घाबरगुंडी उडते, त्यांचं काय घेऊन बसलात.

ऊन छान तिरपं पडलं होतं. पण बाग भरलेली. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू, दोन बाळगाड्या, पेपर वाचणारे, आणि मधल्या बाकावर बाबा. एकेकाच्या हातापाया पडून बाजूला केलं. बाबा काही हलेनात.

"अगं, मी काय कचरा आहे का, मला उचलायला?"

"बाबा, दोनच मिनिटं. फ्रेममध्ये येताय."

हसत उठले. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या मागे येऊन उभे राहिले. इतका सुरेख फोटो कित्येक महिन्यांत जमला नव्हता. घरी आल्या आल्या माणसं आलेले एकतीस फोटो पुसून टाकले. कामाची शिस्त म्हणजे शिस्त.

९ मार्च

फोटो दिले. साहेब खूश! म्हणाले, "एकाही फोटोत चिटपाखरू नाही, कमाल आहे तुमची."

२८ मार्च



बागेच्या फाटकावर मोठ्ठा फलक लागलाय. त्यावर माझा फोटो. बाबांनीच पहिल्यांदा पाहिला. चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे फक्त चित्र दिसलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होते — "माझ्या लेकीने काढलाय! बघा, बघा." मी भाजीची पिशवी घेऊन तिथे पोचले तेव्हा काकूंना हाताला धरून आणलं होतं. काकूंनी फोटोखालची ओळ मोठ्याने वाचली. 'पाहणीत सदर जागेचा वापर नगण्य आढळला. येथे वाहनतळ प्रस्तावित आहे. सुनावणी १२ एप्रिल.'

"असं कसं? आम्ही होतो की," बाबा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बाबा मात्र अजून फोटोकडेच बघत होते.

२९ मार्च

साहेबांकडे जाऊन आले. फार गोड बोलतो मेला!

"ताई, फोटो तुमचाच ना? खोटा आहे का?"

"खोटा नाही हो. पण माणसं मी बाजूला केली होती. तुमचीच अट होती."

"अट चेहरे नकोत एवढीच होती. तुम्ही बागच रिकामी करून दिलीत, त्याला मी काय करू? हवं तर तसं लेखी द्या. मग सगळीच पाहणी रद्द. आणि तुमचं नाव काळ्या यादीत, ते माझ्या हातात नाही."

कागद पुढे सरकवला. मी पेन उचललंच नाही. चार वॉर्ड. पुन्हा स्टुडिओ. लाज वाटते लिहायला, पण डोक्यात तेच होतं. 

पुसलेले एकतीस फोटो परत मिळतात का, ते पाहिलं. त्याच कार्डावर नंतर उरलेल्या गल्ल्या काढल्या. काही उरलेलं नाही.

१२ एप्रिल

सुनावणी. समोरच्या भिंतीवर माझा फोटो, दरवाज्याएवढा मोठा केलेला. आणि काकू ताडकन उठल्या — "ही बघा! ही काठी यांची!"

खरंच. मधल्या बाकाला टेकलेली बाबांची काठी. सोंड तुटलेला मुठीवरचा हत्तीसुद्धा ओळखू येत होता. इतक्या वेळा पाहिला मी तो फोटो, मला कशी दिसली नाही!

अध्यक्षबाई बाबांकडे वळल्या. "आजोबा, काठी इथे, मग तुम्ही कुठे होतात? तुम्हाला कुणी उठवलं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. साहेब माझ्या शेजारीच बसला होता.

"घरी होतो," बाबा म्हणाले. "काठी विसरलो होतो."

"काठीशिवाय घरी गेलात?"

"हो."

काकू बघतच राहिल्या. येताना बाबा चार वेळा थांबले, दम खायला. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "आता मिळेल ना तुला ते चार वॉर्डांचं काम?"

१३ एप्रिल

काही नाही. जेवण गेलं नाही.

२ मे

बागेला पत्रे ठोकले. झाडांवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेत, एक ते नऊ. सोमवारी तोडणार. चार वॉर्डांचं पत्र आलं, मी सही केली. काकू जिन्यात दिसल्या की तोंड फिरवतात. बरोबरच आहे.

बाबा तीन आठवडे घराबाहेर पडलेले नाहीत. खिडकीपाशी खुर्ची, समोर शेजारच्यांची भिंत आणि पाण्याचा पाइप. पाय सुजलेत. "चला, गल्लीत तरी फेरी मारू," म्हटलं, तर म्हणाले, "तिथे बसायला कुठेय?" चिडले असते, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला बोलतच नाहीत!

५ मे, सोमवार

सकाळी खिडकीतून बाबांच्या अंगावर ऊन पडलं होतं. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही, हे आत्ता लक्षात आलं. कॅमेरा उचलला. बाबांनी पाहिलं, खुर्चीचे हात धरून कसेबसे उठले, आणि भिंतीला धरत धरत बाजूला झाले.

"घे आता," म्हणाले. "मोकळं आहे."

ऑफिस साडेदहाला उघडतं. आठ वाजलेत. कागदावर दोन वाक्यं लिहून झालीत. त्या बाकावर माझे वडील बसले होते. मी त्यांना उठवलं.