परतीचा रकाना

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! बसमध्ये माझ्या बॅगेवर कुणीतरी पोतं टाकलं होतं, त्यामुळे इस्त्रीच्या कपड्यांचं भजं झालं. पण खोली पाहिली आणि सगळा शीण गेला. खिडकीतून थेट डोंगरउतार दिसतो. घरमालकीण मावशी भलत्याच बोलक्या. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी माझं वय, पगार आणि लग्नाचं काय ते विचारून घेतलं. सहा वर्षं ऑफिसात खुर्ची झिजवल्यावर आता ही चालायची नोकरी. ताई म्हणाली होती, तुला कोपऱ्यावरच्या दुकानात जायला रिक्षा लागते, तू काय चालणार! बघच म्हणावं.

५ मार्च, मंगळवार

काम सोपं आहे. डोंगरउतारावर जमिनीत वीतभर रुंदीच्या पाच लोखंडी नळ्या पुरल्यात. झाकण उघडायचं, टेप आत सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहायचं आणि पुढच्या नळीकडे चालू लागायचं. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर, एकटीने. वाटेत एकही घर नाही आणि मोबाईल तर वस्तीतही चालत नाही.

म्हणून साहेबांनी सकाळी तासभर सुरक्षेचे धडे दिले. आडवाटेला शिरायचं नाही. पाय मुरगळला तर जागा सोडायची नाही, गळ्यातली शिट्टी तीनदा वाजवायची. आणि सगळ्यांत मोठा नियम रजिस्टरचा. वाट सुरू होते तिथे फाटक आहे, फाटकाशी एका लाकडी पेटीत रजिस्टर. निघताना नाव, वाट आणि वेळ लिहायची. आल्यावर परतीच्या रकान्यात वेळ टाकायची. संध्याकाळी सहाला तो रकाना रिकामा दिसला, की राखणदार भोंगा वाजवतो आणि अख्खी वस्ती शोधायला निघते. ऐकून इतकं बरं वाटलं! शहरात मी चार दिवस गायब झाले असते तरी शेजाऱ्यांना पत्ता लागला नसता.

राखणदाराला सगळे मामा म्हणतात. साठीचे असतील, गुळगुळीत दाढी केलेली, खिशात लिंबाच्या गोळ्या. वस्तीतला एकुलता एक फोन त्यांच्याच चौकीत आहे. अकरा वर्षांत भोंगा एकदाही वाजवावा लागला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि एक गोळी दिली. गोड माणूस.

८ मार्च, शुक्रवार

पायाला फोड. ताईला कळता कामा नये. मावशींनी कपाटातून एक बुटांचा जोड काढून दिला. माझ्याआधी या नोकरीवर होती त्या बाईचा, म्हणाल्या. ती कुणाला न सांगता नोकरी सोडून गेली, सामान न्यायलासुद्धा फिरकली नाही. साहेबांचं म्हणणं, शहरातल्या मुलींना चार दिवसांत कंटाळा येतो. बूट मला मापाने शिवल्यासारखे बसले. महागाचे आहेत. मी तरी असे बूट मागे टाकून गेले नसते.

१३ मार्च, बुधवार

चौथ्या नळीचं झाकण अडकलं. ते हलेपर्यंत पाच वाजून गेले. वेळेत पोचावं म्हणून नियम मोडला आणि ओढ्याच्या आडवाटेने खाली पळाले. तरी सव्वासहा झालेच. वाटभर मनात माफीचं भाषण तयार करत होते, कारण भोंगा वाजला असणार, लोक जमले असणार, नव्या बाईने दुसऱ्याच आठवड्यात अकरा वर्षांचा विक्रम मोडला असणार.

फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. चौकीला कुलूप. रजिस्टर उघडलं तर माझ्या नावापुढे परतीच्या रकान्यात वेळ होती. ६:००. अक्षर जवळजवळ माझंच. माझ्या सहाला असतं तसं लांब शेपूट.

मामांनी लांबून मला येताना पाहिलं असेल. पण फाटकावरून फक्त पहिलं वळण दिसतं, आणि सहाला मी ओढ्यात होते.

१४ मार्च, गुरुवार

मामांना विचारलं. ते हसले. म्हणाले, अहो बाई, तुम्हीच तर लिहिलंत. उन्हात चालून चालून डोकं काम करेनासं होतं. गोळी दिली. मी ती खाल्ली नाही, खिशात ठेवली. का, ते मलाही कळलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

साहेबांच्या कानावर घातलं. मामा म्हणजे देवमाणूस, एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

मग मी रजिस्टर मागे मागे चाळत गेले. खरी माणसं परततात तेव्हा ५:४२ वाजलेले असतात, ५:१७, ४:५५. माझ्याआधीच्या बाईच्या वेळाही अशाच वेड्यावाकड्या. फक्त शेवटच्या दिवशी ६:००. त्यानंतर तिचं नाव नाही. दोन वर्षांमागे पक्षी मोजायला आलेला एक माणूस. शेवटची नोंद ६:००. त्याच्याही आधी जमीन मोजणारा एक. ६:००. पुढे काही नाही.

माझं नाव पुढेही आहे. तेवढंच.

१८ मार्च, सोमवार

आज कामाला गेलेच नाही. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, पहिल्या वळणापर्यंत गेले आणि झुडपांतून परत येऊन फाटकाच्या वर दडून बसले. दिवसभर. मुंग्यांनी फोडून काढलं.

सहाला मामा बाहेर आले. वाटेकडे पाहिलं. चष्मा पुसला. रजिस्टर काढून लिहिलं. मला हसूच फुटणार होतं. म्हातारा आळशी आहे, भोंग्याची कटकट नको म्हणून आपणच वेळ टाकतो, एवढंच ना!

मग त्यांनी चौकीतून काठी आणि दोराचं वेटोळं आणलं, कुलूप लावलं आणि वाटेने वर निघाले. माझ्या वाटेने. शोधायला जाणारा माणूस हाका मारतो. हे हाका मारत नव्हते. कडेच्या गवतावरून चालत होते, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून.

तेरा तारखेला मी आडवाट धरली नसती तर —

१९ मार्च, मंगळवार

आजारी असल्याचं कळवलं. सांगू कुणाला? फोन चौकीत. बसथांबा चौकीसमोर. साहेबांना तो देवमाणूस वाटतो. शेवटी मावशींजवळ बोलणार होते, तर त्याच म्हणाल्या, माझ्या भावाने दोनदा चौकशी केली, बाई कामावर कधी येणार म्हणून.

मामा म्हणजे त्यांचा भाऊ. सख्खा. आज कळलं.

२० मार्च, बुधवार

पाचव्या नळीच्या वर खिंड आहे. पलीकडे तालुक्याचं गाव, पोलीस. उद्या पहाटे निघणार. रजिस्टर बरोबर नेणार, पुराव्याशिवाय कोण विश्वास ठेवेल? कुणाला काही सांगायचं नाही. मावशींना तर मुळीच नाही.

दाराला कडी लावून खुर्ची टेकवली आहे.

२१ मार्च, गुरुवार

साडेसहा. रजिस्टर बॅगेत. चौकी बंद होती. कुणी पाहिलं नाही.

साडेनऊ. पाचवी नळी. खिंड दिसतेय.

दहा. पडले. दगड निसटला. डावा घोटा — पाय टेकतच नाही. सरपटत नळीपाशी परत आले.

दुखण्याच्या भरात शिट्टी वाजवली. तीनदा, नियमाप्रमाणे. मग लक्षात आलं, या वाटेवर ती ऐकणारं कोण आहे.

बारा. कुणीतरी शोधेल. साहेब शोधतील. ते रजिस्टर बघतील आणि —

रजिस्टर माझ्या बॅगेत आहे. आज त्यात मी नावही लिहिलेलं नाही. वाट लिहिलेली नाही. मी आजारी आहे, खोलीवर आहे. वस्तीत सगळ्यांना एवढंच माहीत. स्वतःच्या हाताने केलं हे सगळं. ताई, मी चुकले गं.

तीन. पाणी संपलं.

चार वाजून गेले. खाली वळणावर काठी दिसली. हाका नाहीत.

नळीचं झाकण उघडून ठेवलंय. रोजनिशी आत टाकेन. जो कुणी वाचेल त्याने माझ्या ताईला —

आला. समोर दगडावर बसलाय. पायाचं विचारलं नाही. लिहा लिहा, म्हणाला, होऊ दे तुमचं. बॅगेतून रजिस्टर काढून मांडीवर उघडलंय. आजचं पान कोरं कसं, म्हणतो. किती वाजता निघालात, विचारलं. मी सांगितलं. का सांगितलं मी?

घड्याळ बघतोय. म्हणतो, सहाला अवकाश आहे, पण आत्ताच टाकून ठेवू. आणि लिहायला काही आणलं नाही, तेवढं तुमचं पेन जरा —