अम्लराजाने खाल्लेली अंगठी

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा दंडवत. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझ्याखेरीज सर्वांचे. आपला गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे ते कळवावे.

लग्न ठरवायच्या बैठकीत होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्या बोटात अंगठी घातली, तेव्हा आपण चहाचा कप खाली न ठेवता "पितळ दिसतंय रे" म्हणालात. (हळूच म्हणालात, पण आपले हळू शेजारच्या इमारतीत ऐकू जाते.) तेव्हापासून सासरेबुवा अबोल आहेत. त्यांच्या मुलीने निरोप धाडला आहे, की रविवारी बाबांसमोर अंगठी खरी की खोटी ते सांग, नाहीतर आपला विषय संपला.

मी सोने पारखणाऱ्यांकडे बाटल्यांवर लेबले लिहितो. (आपण चारचौघांत मला केमिस्ट म्हणता, ते कृपया थांबवावे.) आमचे मालक जुन्या वळणाचे. नायट्रिक ॲसिडला ते शोऱ्याचे तेजाब म्हणतात, हायड्रोक्लोरिकला मिठाचे, आणि दोन्ही मिसळून होते ते अम्लराज. दागिना काळ्या दगडावर घासायचा आणि उमटलेल्या रेघेवर थेंब सोडायचा, ही त्यांची रीत. पण दुसऱ्याची वस्तू घासायची कशी, ओरखडा उठला तर काय, म्हणून मी अंगठी न घासता अख्खीच शोऱ्याच्या तेजाबात ठेवली. काही झाले नाही. धुऊन मिठाच्या तेजाबात ठेवली. तरीही काही नाही. दोघेही इतके सभ्य, तर एकत्र येऊन काय करतील, असे वाटले. (आपण एकटे असता तेव्हा गरीब, मामीही एकट्या असल्या की गरीब. दोघे मिळून आलात की काय होते, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.) शिवाय ज्याला राजा म्हणतात तो स्वतः काही काम करत नसावा, अशी माझी समजूत. म्हणून अंगठी अम्लराजात टाकून जेवायला गेलो. परत आलो तर अंगठी नव्हती. पिवळेधमक पाणी होते.

मालकांनी ते पाणी उजेडात धरून पाहिले. मग म्हणाले, "अरे शहाण्या, सोनं पचवतो म्हणून तर त्याला राजा म्हणतात. अभिनंदन, अंगठी खरी होती."

आता मालक त्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घालून विरघळलेले सोने तळाशी बसवून देणार आहेत. ते तपकिरी भुकटीसारखे निघते म्हणे. सोने तेच, पण पुडी बोटात घालून सासऱ्यांसमोर बसता येत नाही.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. रविवारी आपण यावे आणि "अंगठी अस्सल होती, संशय माझा होता," असे सासरेबुवांना सांगावे. पितळ ज्या आवाजात म्हणालात, त्याच आवाजात.

ता. क. २. तुलना हवी म्हणून, मला नोकरी लागली तेव्हा आपण दिलेली अंगठीही अम्लराजात टाकून पाहिली. पाणी हिरवेगार झाले, पितळेचे होते तसे. मालक म्हणाले, "याला राजा कशाला, शिपाई पुरला असता." ती बाटली फळीवर मधोमध आहे. सासरेबुवा रविवारी दुकानातच येणार आहेत. बाटलीवर लेबल अजून लावलेले नाही. आपली वाट पाहतो आहे.